कुत्र्यांचे केस कापणारा कारागीर : आधी लस, मग कात्री

चिचगड परिसरात कुत्रा असतो तो राखणीसाठी. त्याला आंघोळ घालणे, त्याचे केस आणि नखे कापणे यावर कोणाचे घर चालते असे सांगितले तर लोक हसतील. पण मुंबई, पुणे, नागपूर येथे हा धंदा चांगला चालतो आणि रोजगारासाठी खेडी सोडणाऱ्या तरुणांना त्यात काम मिळते. कुत्रा पाळण्याविषयी वाचकांचे मत काहीही असो, मेहनत करणाऱ्याच्या जिवाविषयी दोन मते नसावीत. म्हणून या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

चावा आणि लस

या कामातील सर्वांत मोठा धोका म्हणजे रेबीज. रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र लस वेळेवर मिळाली तर हा रोग टळतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्येच तो मार्ग दाखवला. ज्यांचा रोज कुत्र्यांशी संबंध येतो त्यांनी चाव्याची वाट पाहू नये. त्यांच्यासाठी आगाऊ लस असते : पहिली सुई, त्यानंतर ७ व्या दिवशी दुसरी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी तिसरी. अशा माणसाला पुढे कुत्रा चावला तरी दोन सुया घ्याव्याच लागतात, पण जखमेत सीरम भरावे लागत नाही.

चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयात चाव्यानंतरची लस मोफत मिळते. डोस चालू असताना गावी यावे लागले तर कार्ड सोबत आणावे आणि उरलेल्या सुयांसाठी चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. बरे वाटते म्हणून डोस अर्धवट सोडू नयेत.

कपडा कसा असावा

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली, म्हणून हे अधिकाराने सांगतो. विणलेली बनियन किंवा लोकरी कपडा या कामात घालू नये. त्यात केस रुततात, घरापर्यंत जातात आणि कातडीला टोचतात. घट्ट विणीच्या गुळगुळीत टेरीकॉटचा एप्रन बरा. गळा बंद, मनगटाला इलॅस्टिक, आणि धुणे दुकानातच. गजकर्ण आणि खरूज कुत्र्याकडून माणसाला लागू शकते. तोंडावर मास्क हवा, कारण केसांच्या भुशाने दमा बळावतो. जाड हातमोजे घालून कात्री चालत नाही, म्हणून चावऱ्या कुत्र्याला मुसके बांधावे. मळणीच्या बैलाला मुसके बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागणार नाही.

पाणी, वीज, औषध

ओल्या फरशीवर विजेचे ड्रायर चालते, तेव्हा अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच. ड्रायरचा आवाज तासन्‌तास कानावर पडतो. कानात बोळे घालावेत. गोचीड मारण्याचे औषध हे विष आहे. ते हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून वापरावे. गोचीड बोटांनी चिरडू नये. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोचा संसर्ग होतो, म्हणून हातावर जखम असल्यास ती झाकावी. भारी कुत्रा दोघांनी मिळून उचलावा.

मालकाची जबाबदारी

कामगारांच्या सुरक्षिततेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण ती साधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहे. दोन-तीन मुलांच्या दुकानात मालकाची नियतच कायद्याचे काम करते. आमच्या मते लसीचा खर्च कात्री आणि मशीनच्या भांडवलातच धरावा. तो मुलाच्या पगारातून कापणे म्हणजे आपला धोका त्याच्या माथी मारणे होय.

मुलाला या कामाला पाठवणाऱ्या पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : आगाऊ लस कोण देणार? येणाऱ्या कुत्र्याच्या लसीचा कागद पाहिला जातो का? चावा झाला तर त्या दिवसाची मजुरी मिळेल का? मजुरी बुडेल या भीतीने मुले चावा लपवतात, आणि लपवलेला चावाच जीव घेतो. या तिन्ही प्रश्नांची साफ उत्तरे मिळाल्याशिवाय पगाराची बोलणी करू नयेत.