ओलें आणि सुकें

स्वयंपाकघर म्हटलें म्हणजे चूल, ओटा आणि मांडणी यांचा विचार सर्वांच्या मनांत येतो; ओट्याखालच्या बादलीचा विचार मात्र तिला वास येऊं लागेपर्यंत कोणी करीत नाहीं. अन्न शिजविण्याची विद्या घरोघर पिढ्यानपिढ्या शिकविली जाते. परंतु जेवणानंतर जें उरतें, त्याची विल्हेवाट लावण्याची विद्या शहरांतील कुटुंबांना अलीकडेच शिकावी लागली आहे. ८ एप्रिल २०१६ रोजीं भारत सरकारनें घनकचऱ्यासंबंधीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांनीं कुजणारा, न कुजणारा आणि घातक असे तीन भाग घरांतच वेगळे करण्याचें कर्तव्य नागरिकांवर टाकलें. नियम एका ओळींत सांगतां येतो. त्याचें पालन मात्र दिवसांतून दहा वेळां करावें लागतें. या कामांतील अडचणी खऱ्या आहेत. आळसाचीं निमित्तें म्हणून त्या हंसण्यावारी नेणें न्याय्य होणार नाहीं. त्यांचीं कारणें पाहिलीं तर उपायही सांपडतात.

पहिली अडचण, कोणती वस्तु कोठें टाकावी ही. भाजीचे देंठ, फळांचीं सालपटें, शिळें अन्न, चहाचा चोथा, अंड्यांचीं टरफलें हें सर्व ओलें, हें लहान मुलासही समजतें. घोटाळा होतो तो सीमेवरच्या वस्तूंत. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय झाडाचीच खरी; परंतु त्यांना कुजण्यास फार काळ लागतो. म्हणून त्या निराळ्या ठेवून, नेणाऱ्यास विचारून द्याव्या हें बरें. केळीचीं खरकटीं पानें ओल्यांत जातात. पण हल्लींच्या कित्येक पत्रावळींना आणि कागदी पेल्यांना आंतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. त्यांना कागद समजून ओल्यांत टाकणें ही चूक होय. निर्माल्य ओलेंच, मात्र हाराचा दोरा आणि त्यावरील जर काढून घेतल्यावांचून नव्हे.

दुधाच्या पिशवीचें उदाहरण तर मनन करण्यासारखें आहे. पिशवीचा कोपरा कापून टाकण्याची संवय पुष्कळ घरांत असते. पिशवी धुवून, वाळवून सुक्यांत ठेवली, तरी तो नखाएवढा कोपरा सालपटांबरोबर ओल्यांत जातो, तेथून खतांत शिरतो, आणि खताबरोबर शेतांत जाऊन जमिनींत राहतो. पिशवीला नुसती चीर द्यावी, कोपरा अलग करूं नये, एवढ्यानें हा दोष टळतो.

दुसरी अडचण दुर्गंधीची. तिचें कारण समजून घेतलें म्हणजे अर्धें काम झालें. उरलेल्या अन्नांत आणि भाजीपाल्यांत पाण्याचा अंश फार असतो. तें पाणी बादलीच्या तळाशीं सांचलें म्हणजे आंत हवा शिरत नाहीं, आणि हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तेथें वाढूं लागतात. आंबूस व सडका वास ही त्यांचीच करणी. उलटपक्षीं, हवा खेळती असेल तर दुसऱ्या जातीचे जंतु तोच पदार्थ कुजवितात, आणि तेथें ओल्या मातीसारख्या वासापलीकडे वास येत नाहीं. यावरून उपाय उघड आहे. आमटी, ताक, रसभाजी यांतील पाणी आधीं गाळून टाकावें. बादलीच्या तळाशीं जुन्या वर्तमानपत्राची घडी घालावी. ती ओल शोषून घेते. प्लॅस्टिकच्या पिशवीचें अस्तर लावूं नये. कारण मग ती पिशवी कोणाला तरी हातानें फाडावी लागते. बादली रोज रिकामी करून धुवावी. उष्ण दिवसांत घरमाशीच्या अंड्यांतून अळी एका दिवसाच्या आंत बाहेर पडते. तेव्हां दोन दिवस उघड्या राहिलेल्या बादलींत अळ्या दिसल्या तर त्यांत नवल कसलें?

तिसरी अडचण मनाची आहे. ‘घरांत वेगळें करावयाचें आणि गाडींत सगळें एकत्र होणार, मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न पुष्कळ गृहस्थ विचारतात. जेथें असें घडतें, तेथें ही तक्रार रास्त आहे, आणि ती संबंधित कचेरींत लेखी नोंदविली पाहिजे. परंतु तेवढ्यावरून घरचा नेम मोडणें शहाणपणाचें नव्हे. गाडींत मिसळलेला माल पाहून नागरिकाला निदान जाब विचारतां येतो. घरांतच मिसळून दिलेल्या मालाबद्दल जाब कोणाला विचारणार? शिवाय रद्दीवर एकदां आमटी सांडली म्हणजे ती रद्दी राहत नाहीं.

याचा भार कोणावर पडतो हें पुण्याच्या उदाहरणावरून समजतें. तेथें १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. तिच्यांतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचें काम अंगावर घेतलें. हें काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. सुका माल विकून येणारे पैसे हा त्यांच्या मिळकतीचा एक भाग असतो. खरकट्यानें भिजलेल्या कागदाला भाव येत नाहीं. आणि ज्या घरांत फुटकी कांच, वापरलेलें पातें किंवा इंजेक्शनची सुई भाताच्या खरकट्यांत टाकली जाते, त्या घराचा निष्काळजीपणा अखेर एका बाईच्या बोटांत रुततो. अशा वस्तु, तसेंच वापरलेले सॅनिटरी नॅपकिन, कागदांत गुंडाळून व वर तांबडा ठिपका काढून निराळे द्यावे, अशी तेथें पद्धत घालण्यांत आली, ती याच कारणास्तव.

कचरा वेगळा न झाल्यास काय होतें, याची साक्ष मुंबईचें देवनार देतें. तेथें १९२७ सालापासून शहराचा कचरा पडत आला. ओला माल ढिगाखालीं दडपला म्हणजे हवेच्या अभावीं त्यांतून मिथेन वायु निघतो, आणि हा वायु ज्वालाग्राही आहे. जानेवारी २०१६ मध्यें तेथें मोठी आग लागली, तेव्हां तिचा धूर शहरावर पसरून शाळांना सुट्टी द्यावी लागली.

हाच माल वेगळा ठेवला तर त्याचें सोनें कसें होतें, हें इंदूरनें दाखविलें आहे. १९२४ ते १९३१ या काळांत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं तेथें शेतींतील केरकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी व त्या विषयावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक होत. ओलें व कोरडें यांचे थर द्यावे, हवा खेळती ठेवावी, आणि ढीग वेळोवेळीं परतावा, हें तिचें सार. आजही घरच्या कुंडींत खत करणाऱ्यानें सालपटांच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला पसरला, तर तो याच तत्त्वानें चालतो. त्याच इंदूरमध्यें फेब्रुवारी २०२२ मध्यें रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायुइंधन तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. त्या यंत्राला लागणारा माल मुळांत घराघरांतील ओट्याखालींच निवडावा लागतो.

शेवटीं एक व्यावहारिक गोष्ट. पुष्कळ घरांत हें सारें काम एकट्या गृहिणीवर किंवा मोलकरणीवर सोंपविलेलें असतें, आणि घरांतील इतर मंडळी हाताला सांपडेल त्या बादलींत हवें तें टाकून मोकळीं होतात. दोन बादल्या शेजारीं शेजारीं असाव्या, त्यांचे रंग भिन्न असावे, आणि जेवून उठणाऱ्या प्रत्येकानें आपलें ताट स्वतः निवडून त्यांत रिकामें करावें. ज्यानें ताटांत टाकलें, त्यानेंच तें उचलावें, हा नेम पाळला तर बादलींत जाणारें अन्नही हळूहळू कमी होईल.