रॉजर्स, नाइल
रॉजर्स, नाइल : (१९ सप्टेंबर १९५२– ). अमेरिकन गिटारवादक, गीतरचनाकार, संगीतसंयोजक व ध्वनिमुद्रण-निर्माता. ‘फंक’ या तालप्रधान संगीतप्रकारातील गिटारवादनाची त्याची शैली आणि सहकार्यातून गीत घडविण्याची त्याची पद्धती यांचा लोकप्रिय पाश्चात्त्य संगीतावर दूरगामी प्रभाव पडला. त्याचा जन्म न्यूयॉर्क येथे झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात त्याने उमेदवारी केली. १९७० मध्ये बर्नार्ड एडवर्ड्‌स (१९५२–९६) या बेस गिटारवादकाशी त्याचा परिचय झाला. या दोघांनी टोनी टॉम्पसन या तालवादकासह १९७६ मध्ये ‘शीक’ हा वाद्यवृंद उभा केला.

फंक संगीताचा उगम १९६० नंतरच्या दशकात, मुख्यतः जेम्स ब्राउन या गायकाच्या संगीतातून झाला. त्यात स्वरमेळांच्या वैविध्यापेक्षा तालाच्या आवर्तनास अधिक महत्त्व असते. गिटार हे येथे जणू तालवाद्यच बनते. रॉजर्सच्या वादनात उजवा हात मात्रेचे चार समान भाग करीत अखंड खालीवर फिरत राहतो. डाव्या हाताची बोटे तारांवरील दाब क्षणोक्षणी सैल करतात. त्यामुळे काही आघातांतून स्वरमेळ उमटतो, तर उरलेल्यांतून केवळ खरखरीत, निःस्वर ध्वनी निघतो. पूर्ण स्वरमेळाऐवजी वरच्या दोनतीन तारांवरील त्याचा अंश तो पुष्कळदा वाजवितो. त्यामुळे खालचे सप्तक बेस गिटारला मोकळे राहते. रॉजर्स प्रारंभी जॅझकडे झुकलेला वादक होता. ही आघातपद्धती त्याने एडवर्ड्‌सकडून आत्मसात केली. त्याच्या शैलीचा पायाच अशा रीतीने सहकाऱ्याने घातला.

त्याच्या गीतरचनेची काही तत्त्वे स्पष्टपणे सांगता येतात. गीताचा आरंभ तो पुष्कळदा थेट ध्रुवपदाने करतो. गीताच्या मध्यभागी एकेक वाद्य थांबवून ते पुन्हा क्रमाने आणले जाते. त्यामुळे श्रोत्याला रचनेचे घटक सुटे ऐकू येतात. वरवर साध्या दिसणाऱ्या प्रत्येक गीतात खोलवर दडलेला आशय असावा, हा दोघा सहकाऱ्यांचा दंडक होता. ‘गुड टाइम्स’ (१९७९) हे आनंदगीत वाटते. तथापि त्याच्या शब्दांत १९२९ नंतरच्या महामंदीच्या काळातील गीतांचे पडसाद आहेत. ‘ल फ्रीक’ (१९७८) हे गीत १९७७ च्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कच्या एका नृत्यगृहात प्रवेश नाकारला गेल्याच्या संतापातून निर्माण झाले. सिस्टर स्लेज या चार भगिनींच्या ‘वुई आर फॅमिली’ (१९७९) या गीताला, त्यांच्याविषयी ध्वनिमुद्रिका-कंपनीच्या प्रमुखाने केलेल्या वर्णनाचा आधार होता.

१९७९ मध्ये अमेरिकेत डिस्को संगीताविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उसळली. १२ जुलै रोजी शिकागोच्या एका क्रीडांगणावर अशा संगीताच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडविण्यात आल्या. यानंतर शीकची लोकप्रियता ओसरली आणि रॉजर्स प्रामुख्याने इतर कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांची निर्मिती करू लागला. डायना रॉसची डायना (१९८०), डेव्हिड बोवीची लेट्स डान्स (१९८३) आणि मॅडोनाची लाइक अ व्हर्जिन (१९८४) या त्यांपैकी उल्लेखनीय होत. बोवीने ‘लेट्स डान्स’ हे शीर्षकगीत त्याला बारा तारांच्या गिटारवर, लोकगीताच्या ढंगाने ऐकविले. रॉजर्सने स्वरमेळांची मांडणी व ताल बदलून त्याचे नृत्यगीतात रूपांतर केले.

या सहकार्यातून कर्तृत्वाच्या श्रेयाचा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. पाश्चात्त्य प्रकाशनव्यवहारात चाल व शब्द रचणारास गीतकार मानतात. संयोजकाचे कार्य सहसा त्यात मोडत नाही. ‘लेट्स डान्स’चा रचनाकार म्हणून एकट्या बोवीचे नाव लागले. याउलट, ‘गुड टाइम्स’च्या वाद्यभागावर आधारलेल्या, शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’ (१९७९) या प्रारंभीच्या रॅप गीताबाबत हक्क सांगितल्यावर रॉजर्स व एडवर्ड्‌स यांना सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली. डाफ्ट पंक व फेरेल विल्यम्स यांच्यासह केलेल्या ‘गेट लकी’ (२०१३) या गीताच्या श्रेयनामावलीत मात्र रॉजर्सचे नाव रचनाकारांत आहे. गिटारची आघातरचना हीच येथे गीताचे अंग ठरली.

एडवर्ड्‌सचे १९९६ मध्ये टोकिओ येथे, शीकच्या कार्यक्रमानंतर निधन झाले. पुढे रॉजर्सने वाद्यवृंदाची पुनर्रचना केली. ‘गेट लकी’ला २०१४ मध्ये ग्रॅमी पारितोषिके लाभली. ल फ्रीक (२०११) हे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. वैयक्तिक कौशल्याचे प्रदर्शन टाळून समूहाच्या नादात स्वतःची नेमकी जागा शोधणे, हे त्याच्या कलेचे मर्म होय.

पहा : जॅझ संगीत.