विझणारी राळ

कोकणात दशावतार रंगात आला, राक्षस रंगभूमीवर यायचा झाला, की मशालीवर राळेची मूठ पडते. भस्सकन जाळ उठतो आणि पुढे बसलेली पोरं आईला बिलगतात. राळ म्हणजे पेटणारी वस्तू, ही आपली जुनी ओळख. कारखान्यात बनलेल्या राळेचा पिंडही वेगळा नाही. कार्बन आणि हायड्रोजन तिच्यातही ठासून भरलेले असतात. म्हणूनच पेट घेऊनही स्वतःच विझणाऱ्या राळेचं मला फार अप्रूप वाटतं.

तिची ओळख झाली पुण्याच्या तपकीर गल्लीत. आदल्या रात्री घरच्या इन्व्हर्टरमधून जळका वास आला आणि दिवे गेले. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडलं, तर हिरव्या पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, रुपयाएवढा काळा डाग. मॉसफेट नावाचा भाग फुटला होता, त्याखालचा तांब्याचा ट्रॅक उडून गेला होता. काकांनी टोकदार पात्यानं काजळी खरवडली. खाली काचेच्या कापडाची वीण उघडी पडली, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. डागापासून बोटभर अंतरावरचं सगळं मात्र धडधाकट होतं. “ग्लास इपॉक्सी आहे, म्हणून आग तिथंच थांबली,” काका म्हणाले.

बाजारातली ही ग्लास इपॉक्सी म्हणजे एफआर-4. अमेरिकेतल्या ‘नेमा’ या विद्युत उत्पादकांच्या संघटनेनं 1968 मध्ये हे नाव ठरवलं. त्याआधी जी-10 नावाचा जवळपास तसाच पत्रा वापरात होता. काच तीच, इपॉक्सी राळ तीच, फक्त विझण्याचा गुण नव्हता. जुन्या रेडिओतला तपकिरी बोर्ड कागद आणि फिनॉलिक राळेचा, ज्याला आपल्याकडे हायलम म्हणतात.

एफआर-4 करताना काचेचं कापड पातळ राळेत बुडवून अर्धवट सुकवतात. असे साधारण आठ थर एकावर एक रचतात, वरखाली तांब्याचा पातळ पत्रा ठेवतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. बाहेर पडतो 1.6 मिलिमीटर जाडीचा टणक पत्रा. खरी करामत राळेच्या रेणूत आहे. टेट्राब्रोमोबिसफिनॉल-ए या रसायनाच्या प्रत्येक रेणूत ब्रोमिनचे चार अणू असतात आणि ते रसायन इपॉक्सीच्या साखळीतच गुंफलेलं असतं. वरून फासलेलं नसल्यामुळे ते सहजासहजी झिजून जात नाही.

ज्वाळा टिकते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल या अतिचंचल कणांवर. एका कणातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी त्यांची साखळी चालू असते. राळ तापली की ब्रोमिन सुटून हायड्रोजन ब्रोमाइड होतो आणि या कणांना गाठून थंड करतो. साखळी तुटते. ज्वाळेला राळेचं इंधन मिळत असतं, हवाही असते, तरी ती मरते.

या विझण्याची परीक्षा यूएल-94 ही. 125 मिलिमीटर लांब, 13 मिलिमीटर रुंद पट्टी उभी टांगतात, खालच्या टोकाला 10 सेकंद ज्योत धरतात, काढतात आणि विझली की पुन्हा 10 सेकंद धरतात. खाली 300 मिलिमीटरवर कापूस पसरलेला असतो. व्ही-0 हा या उभ्या पट्टीच्या चाचणीतला सर्वांत वरचा दर्जा हवा असेल, तर दर वेळी पट्टीवरची ज्वाळा 10 सेकंदांत विझली पाहिजे आणि पेटता थेंब पडून कापूस पेटता कामा नये. कापसाची ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण अशा गळणाऱ्या थेंबांनीही आग पसरते.

ब्रोमिनवाचूनही आग अडवता येते. रुग्णालयांच्या आणि मॉलच्या तळघरात तेलाच्या ट्रान्सफॉर्मरऐवजी राळेत ओतलेले कोरडे ट्रान्सफॉर्मर बसवतात. अशा राळेत बऱ्याचदा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड कालवलेली असते. साधारण 200 अंशांच्या पुढे ती वजनाच्या जवळपास 35 टक्के पाणी वाफेच्या रूपानं सोडते. म्हणजे आगीवर ओतायचं पाणी आधीच कोरड्या पुडीत बांधून ठेवलेलं. फॉस्फरसचा मार्ग आणखी वेगळा: तो पृष्ठभागावर कोळशाची साय धरतो आणि आतल्या मालाला झाकून टाकतो.

ब्रोमिनची दुसरी बाजू भंगारात दिसते, आणि तिथं माझा जीव खरोखर कळवळतो. तांब्यासाठी कुणी हे बोर्ड उघड्यावर जाळले, की ब्रोमिनयुक्त डायॉक्सिनसारखी घातक विषं तयार होतात, आणि ती घडायला बोर्डावरचं तांबंच हातभार लावतं. घरातल्या आगीपासून आपल्याला वाचवणारी वस्तू भंगार जाळणाऱ्या पोराच्या छातीत उतरते. काका निकामी बोर्ड वेगळ्या पोत्यात भरून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच देतात. चार पैसे कमी मिळतात, असं ते म्हणाले.

मग ते पुन्हा माझ्या बोर्डाकडे वळले. कोळशातून वीज वाहते, म्हणून काळं थोडंही ठेवून चालत नाही. पांढरी काच दिसेपर्यंत त्यांनी डाग खरवडला, स्पिरिटनं पुसला, उडालेल्या ट्रॅकच्या जागी तारेचा जंपर सोल्डर केला आणि नवा मॉसफेट बसवला. इन्व्हर्टर चालू झाला. बोर्डावर रुपयाएवढी पांढरी खळगी तेवढी उरली आहे.