दगडांची नावं घोकून भूशास्त्र येत नाही

बारावीनंतर कुणी भूशास्त्राचं नाव काढलं, की दोडामार्गात पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे भूगोलच ना?’ नाही. भूशास्त्र ही विज्ञान शाखेची पदवी. खनिजं, खडक, जीवाश्म, नकाशे आणि डोंगरात नेणारी अभ्याससहल हे सगळं सुरुवातीलाच येतं.

‘नुसतं पाठांतर’ हा दुसरा समज. प्रयोगशाळेत एक काळा, जड दगड हातात देतात. चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर तो घासायचा. रेघ तांबूस उमटली तर हेमटाइट. काळी उमटली आणि चुंबकही चिकटला तर मॅग्नेटाइट. वरचा रंग फसवतो, म्हणून ही रेघ बघायची. तिथे पाठांतर कामाला येत नाही.

‘अख्खं कोकण लाव्हारसाचं’ हेही अर्धसत्य. दख्खनचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, पण तो दक्षिणेकडे याच भागात संपत येतो. दोडामार्गच्या पायथ्याला धारवाडचे खडक भेटतात, २५० कोटी वर्षांहूनही जुने. कळण्याचं लोहखनिज याच जुन्या घराण्यातलं, सीमेपलीकडच्या गोव्यातल्या डिचोलीसारखंच. म्हणून परसातली लाल माती म्हणजे लोखंडाची खाण, असं मात्र नव्हे. लोह तिच्यात असतं, पण खाण परवडावी इतकं नाही.

तो लाल रंग जांभ्याचा. जांभा लाव्हाबरोबर वाहत आलेला नाही. मूळ खडक उन्हापावसात जागच्या जागी कुजतो, सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या अशाच दगडाचं वर्णन शास्त्रापुढे मांडलं. ताजा चिरा मऊ असतो आणि वारा लागला की कडक होतो, हे आपल्या चिरेखाणीवरच्या कामगाराला कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक होतं. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी झरझर खाली उतरतं, खालच्या चिकण शेडी मातीवर अडतं आणि उताराला झरा होऊन बाहेर पडतं. सड्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात, ते इथे कळतं. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला म्हणून बोअर मारणाऱ्यांनी एवढं तरी आधी पाहावं.

‘नोकरी फक्त खाणीत’ हेही खरं नाही. भूजल, धरणं, बोगदे, घाटातल्या दरडी, सगळीकडे भूशास्त्राचा माणूस लागतो. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या परीक्षेतून भरती होते, पण त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण हवं. नुसत्या पदवीवर भरवसा ठेवू नका.

जवळ शिकायचं तर मडगावचं चौगुले आणि पणजीच्या मिरामारचं धेंपे महाविद्यालय आहे. लांब जायची तयारी असेल तर पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स. बारावीला हा विषय नव्हता म्हणून सहसा अडत नाही. गोव्यात अर्ज करताना मात्र परराज्यातल्या मुलांच्या जागांचे नियम महाविद्यालयातच विचारून घ्या.