डव्हटेल सांधा व त्याचे साचे : निवडीची तत्त्वे

आमच्या शब्दसंग्रहाच्या चिठ्ठ्या ज्या लाकडी खणांत ठेवल्या होत्या, त्यांपैकी एकाची दर्शनी फळी गेल्या पावसाळ्यात ओढताक्षणीच हातात आली आणि अनेक वर्षांच्या श्रमाने लावलेला क्रम क्षणात जमिनीवर विस्कटला. त्या फळ्या केवळ खिळ्यांनी व सरसाने जोडलेल्या होत्या. नवे २४ खण डव्हटेल सांध्याने करवावेत असे ठरले. प्रत्येक खणाचे चार कोपरे धरता ९६ सांधे होतात. इतके सांधे हाताने कापणे खर्चाचे असल्यामुळे साचा घेणे प्राप्त झाले. त्या निमित्ताने केलेला विचार येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. इंग्रजीने या सांध्याला कवड्याच्या शेपटीचे नाव दिले, जर्मन, डच व इटालियन भाषांनी पाकोळीच्या शेपटीचे, तर स्पॅनिशने घारीच्या. फ्रेंच नावातील ‘आरोंद’ हा पाकोळीवाचक जुना शब्द एरवी लोपला. सुताराच्या बोलीने तो जपला. पक्षी बदलला तरी टोकाशी फाकलेल्या शेपटीची कल्पना सर्वत्र एकच आहे. एका फळीच्या टोकाला अशा शेपट्या कापतात व दुसरीच्या टोकाला त्यांच्यामध्ये बसणाऱ्या पिना ठेवतात. शेपटी तिच्या लांबीच्या दिशेने ओढून निघत नाही. म्हणून खणाच्या बाजूंना शेपट्या व दर्शनी फळीला पिना असाव्यात, हा नियम होय. तो पाळल्यास खण कितीही ओढला तरी सरसावर सारा भार येत नाही.

हाताने कापताना उतार सुतार ठरवितो. मऊ लाकडात साधारणतः सहास एक व कठीण लाकडात आठास एक असे प्रमाण धरतात. यंत्रकामात मात्र हा कोन राउटरच्या पात्यात आधीच घडविलेला असतो. अर्ध्या इंचाच्या प्रचलित पात्याचा कोन बहुधा १४ अंशांचा असतो. साचा म्हणजे पात्याला वाट दाखविणारी फणी. तो अंतर ठरवितो, कोन नव्हे.

साच्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील. पहिल्यात फणीचे दात स्थिर असतात व दोन्ही फळ्या एकदमच कापल्या जातात. त्याने समोरून न दिसणारा सांधा होतो. तो स्वस्त व जलद असतो. दुसऱ्यात शेपटी व पिन यांसाठी दोन निराळ्या पट्ट्या व दोन निराळी पाती लागतात. सांधा आरपार होऊन दोन्ही बाजूंनी दिसतो. तिसऱ्यात दात सुटे सरकतात, त्यामुळे शेपट्यांची रुंदी व अंतर इच्छेप्रमाणे ठेवता येते. कॅनडातील ली कंपनीचे साचे या वर्गात प्रसिद्ध आहेत. त्यांची किंमत अधिक, आणि ते लावून घेण्यास वेळही अधिक.

स्थिर साच्याची अडचण त्याच्या मापात आहे. अर्ध्या इंचाच्या पात्यासाठी एका शेपटीपासून दुसरीपर्यंतचे अंतर सामान्यतः ७/८ इंच असते. फळीची रुंदी त्याच्या पटीत नसेल, तर एका कडेला अर्धी पिन व दुसऱ्या कडेला शेपटीचा तुकडा उरतो. ४ इंच उंचीच्या खणात असेच होईल. ३½ इंचांत मात्र चार अंतरे बरोबर बसतात. म्हणजे हा साचा घेणाऱ्याने वस्तूचे माप साच्याच्या व्याकरणाप्रमाणे आखले पाहिजे.

यंत्राची आणखी एक मर्यादा आहे. आरपार सांध्यात दोन शेपट्यांमधील खाच पात्याच्या मानेहून अरुंद होऊ शकत नाही. म्हणून हाताने साधणारी सुईसारखी निमुळती पिन कोणत्याही साच्याने साधत नाही. जुन्या पेट्यांचे हातकाम जाणकार ओळखतात ते बहुधा यावरूनच.

निष्कर्ष असा : एकाच मापाचे पुष्कळ खण करावयाचे असल्यास स्थिर साचा पुरेसा आहे, मापे बदलती असल्यास सरकत्या दातांचा घ्यावा, एकदोनच पेट्या असल्यास करवत व पटाशी यांवरच भिस्त ठेवावी. आम्ही पहिला मार्ग स्वीकारून खणांची बाजू ४ इंचांऐवजी ३½ इंच ठेवली. साचा कोणताही असो, प्रथम त्याच जाडीच्या टाकाऊ फळीवर सांधा कापून पाहावा. स्थिर साच्यावर तो सैल आला तर पाते किंचित खाली उतरवावे, घट्ट आला तर वर घ्यावे. या चाचणीत गेलेली फळी वाया गेली असे समजू नये. विस्कटलेल्या चिठ्ठ्या पुन्हा लावण्याचे श्रम त्याहून कितीतरी महाग पडतात.