शिवाजी पार्क म्हणजे फक्त क्रिकेट नव्हे!

दादरचं हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे ते शिवाजी पार्क झालं. आचरेकर सरांनी इथेच स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून सचिनला घडवलं. सचिन नाबाद राहिला की नाणं त्याचं! अशी तेरा नाणी त्याने अजून जपून ठेवलीत. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मला मात्र ओढ आहे ती त्याच मैदानातल्या समर्थ व्यायाम मंदिराची. तेही १९२५ चंच. इथला मल्लखांब एकदा तरी बघाच. पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल तेल चोळलेलं असतं, म्हणजे अंगाचं घर्षण कमी होतं. पण म्हणूनच पकड पक्की लागते. दोरीचा मल्लखांब वेगळाच: लोंबत्या सुती दोरीला गाठ न मारता, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडून वर चढायचं. (स्वतः करून पाहिलंय. हातभरही चढलो नाही.) इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धाही याच मैदानावर झाली.

आणि ज्यांना काहीच खेळायचं नाही त्यांच्यासाठी कट्टा आहेच. मैदानाभोवतीचा तो फेरा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी त्यावर आजोबा चालतात, संध्याकाळी नातवंडं बसतात. जागा मिळवायची तर जरा लवकर या.