कानाला दडा का बसतो?

माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे बाजाराचे गाव. ज्या वर्षी या भागातील विहिरींना उन्हाळ्यात पाणी असते, त्या वर्षी सुट्टीत मुले मनसोक्त पोहतात, काठावरून सूर मारतात. मग घरोघरी एक तक्रार ऐकू येते, “कानात पाणी गेले, दडा बसला.” मूल मान वाकडी करून एका पायावर उड्या मारते, पण पाणी काही निघत नाही. निघणार कसे? पुष्कळदा आत पाणी साठलेलेच नसते. पाणी पिऊन फुगलेला कानातला मळ तेथे बुचासारखा बसलेला असतो.

जून महिन्यात शाळा उघडते आणि हेच मूल वर्गात येऊन बसते. हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ देते, श्रुतलेखनात शब्द गाळते, सांगितलेले पान सोडून भलतेच पान उघडते. “याचे लक्ष नसते,” असा शेरा मिळायला एवढे पुरेसे असते. खरे तर हा बहिरेपणा तात्पुरता असतो आणि योग्य हातांनी मळ काढला तर काही मिनिटांत जातो. मात्र तो कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो. ते काम शिक्षक करू शकतात. कसे, हे पाहण्याआधी मळाची थोडी ओळख करून घेऊ.

मळ की संरक्षक लेप?

कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंत जाणारी नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. बाहेरच्या भागातील त्वचेत केस असतात आणि दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक प्रकार तेलकट स्राव सोडतो, तर दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी म्हणजे घामाच्या ग्रंथींचेच बदललेले रूप होय. हे दोन्ही स्राव, त्वचेच्या झडलेल्या पेशी, बारीक केस आणि धूळ यांचे मिश्रण म्हणजे मळ. त्यात सर्वांत मोठा वाटा त्वचेच्या मृत पेशींचा असतो.

मळ तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत सहजी मुरत नाही. तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जिवाणू आणि बुरशी यांच्या वाढीला आळा बसतो. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ आणि कुसळे त्याला चिकटून बाहेरच अडकतात. म्हणजे मळ हा कानाचा शत्रू नसून राखणदार आहे.

सर्वांचा मळ सारखाही नसतो. काहींचा पिवळसर, ओला व चिकट, तर काहींचा कोरडा व कोंड्यासारखा असतो. हा फरक प्रामुख्याने एका जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे पडतो, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले. पूर्व आशियात कोरडा मळ अधिक आढळतो.

आपोआप सरकणारी त्वचा

शरीरावरची त्वचा झडते ती जागच्या जागी. कानाच्या नळीत तसे झाले असते तर ती मृत पेशींनी केव्हाच भरून गेली असती. तेथे निसर्गाने वेगळी योजना केली आहे. पडद्यावरील आणि नळीतील त्वचेचा वरचा थर सावकाश बाहेरच्या दिशेने सरकत असतो. पडद्यावर शाईचा ठिपका ठेवून शास्त्रज्ञांनी ही हालचाल मोजली आहे. तिचा वेग दिवसाला साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या नखाच्या वाढीइतका आहे. या वेगाने अडीच सेंटीमीटर अंतर कापायला किती दिवस लागतील, हे गणित विद्यार्थ्यांना अवश्य घालावे. उत्तर सुमारे २५० दिवस येते. जेवताना, बोलताना जबडा हलतो, त्याचीही या कामात मदत होते. बाहेर आलेला मळ वाळून नकळत गळून पडतो.

मळ तयार होतो नळीच्या बाहेरच्या भागात आणि सरकतोही बाहेरच. मग तो पडद्याजवळ जातो कसा? बहुतेक वेळा आपणच त्याला तेथे पोचवतो. काडेपेटीची काडी, हेअरपिन, किल्ली, पेनचे टोपण किंवा कापसाची काडी आत घातली की थोडा मळ काडीला लागून येतो आणि बाकीचा बंदुकीत दारू ठासावी तसा आत ठासला जातो. काडीला लागलेला मळ पाहून आपल्याला मात्र कान साफ झाल्यासारखे वाटते. नळी अरुंद असणे, कानात दाट केस असणे, उतारवय, श्रवणयंत्राचा किंवा कानात खोचायच्या इअरफोनचा सततचा वापर, यांमुळेही मळ अडकतो.

दडा एकाएकी का?

मळ महिनोन्महिने साठत असतो, पण दडा बसतो क्षणात. ध्वनीच्या लहरींना पडद्यापर्यंत जायला फारच थोडी वाट पुरते. नळी बरीचशी भरली तरी कडेला बारीक फट असेपर्यंत ऐकण्यात विशेष फरक पडत नाही. एके दिवशी विहिरीचे किंवा न्हाणीतले पाणी आत जाते, त्वचेच्या मृत पेशी ते शोषून फुगतात, उरलेली फट बंद होते आणि आवाज अडतो.

सर्दीत किंवा रेल्वेने मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात बसणारा दडा वेगळा. तेथे पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेचा दाब असमान झालेला असतो. घाटातला असा दडा जांभई दिली किंवा आवंढा गिळला की सहसा सुटतो. मळाचा दडा असा सुटत नाही.

बुच पक्के बसले तर ऐकण्याची क्षमता साधारण ३० डेसिबलपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घटते. डेसिबलचे मोजमाप गुणाकाराचे आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट बदलते. म्हणून ३० डेसिबलची घट म्हणजे तीव्रतेचा फक्त हजारावा भाग आत पोचणे. एक मीटरवरचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. दोन्ही कानांत दडा असलेल्या मुलाला ते कुजबुजीइतके ऐकू येते. मागच्या बाकापर्यंत शिक्षकांचा आवाज मुळातच क्षीण होऊन जातो. त्यात पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज मिसळला की शब्द हरवतात.

एकाच कानात दडा असेल तर शांत खोलीत मूल दुसऱ्या कानावर निभावून नेते. त्यामुळे दोष लक्षात येत नाही. पण आवाजाची दिशा ओळखायला दोन कान लागतात. बाजूने आलेला ध्वनी एका कानाला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाइतका आधी पोचतो. वेळेतील हा सूक्ष्म फरक आणि दोन्ही कानांतील तीव्रतेचा फरक यांवरून मेंदू दिशा ठरवतो. दडा बसलेल्या मुलाला हॉर्न ऐकू येतो, पण वाहन कोणत्या बाजूने येत आहे ते कळत नाही. महामार्ग ओलांडून शाळेला येणाऱ्या मुलासाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

नादकाटा घेऊन पाहा

आता एक सोपा प्रयोग. सर्व विद्यार्थ्यांना ओठ मिटून “म्‌ऽऽ” असा आवाज काढायला सांगा आणि मध्येच एक कान बोटाने हलकेच बंद करायला सांगा. आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो? उत्तर ऐकून मुलांना नवल वाटते, कारण आवाज बंद कानात मोठा वाटतो! आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो. हाडांच्या कंपनांमुळे नळीत उमटणारा नाद एरवी बाहेर निसटतो. कान बंद केल्यावर तो आतच कोंडला जातो, शिवाय बाहेरचा गलकाही अडतो. दडा बसलेल्या माणसाला स्वतःचे बोलणे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते ते यामुळेच.

याच तत्त्वावर डॉक्टरांच्या दोन चाचण्या आधारलेल्या आहेत. एक जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांच्या नावाने आणि दुसरी जर्मन डॉक्टर रिने यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील ५१२ आकडा असलेला नादकाटा त्यांना चालतो. तो रबरी गादीवर आपटून त्याचा दांडा कपाळाच्या मध्यभागी टेकवा. दोन्ही कान सारखे असतील तर नाद मध्ये ऐकू येतो. एका कानात मळ अडकला असेल तर नाद त्याच कानात मोठा वाटतो. उलट एका बाजूच्या अंतर्कर्णात किंवा मज्जातंतूत दोष असेल तर नाद चांगल्या कानाकडे जातो.

दुसऱ्या चाचणीत दांडा कानामागच्या हाडावर टेकवतात आणि मग नादकाट्याची कंप पावणारी टोके कानासमोर धरतात. निरोगी कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. वाट बऱ्यापैकी अडलेली असेल तर हाडावरचा मोठा वाटतो. मात्र वाट मळाने अडली आहे की मध्यकर्णात साठलेल्या द्रवाने, हे नादकाटा सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टरांनीच कानात पाहायला हवे.

काय करू नये, काय करावे

जत्रेत आणि आठवडी बाजारात कान कोरून देणारे असतात. अंधाऱ्या नळीत अंदाजाने फिरवलेले कोरणे पडदा फाडू शकते, आणि तेच कोरणे एका कानातून दुसऱ्याच्या कानात जाते. घरचे कानकोरणेही वापरू नये. लसूण घालून कढवलेले गरम तेल नाजूक त्वचा भाजते. मुलाने कानात ज्वारीचा दाणा किंवा हरभरा घातला असेल तर पाणी मुळीच घालू नये. दाणा फुगून घट्ट बसतो.

मग करायचे काय? मळ दिसतो, पण त्रास नाही, तर काहीच करू नये. दडा बसला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पडदा शाबूत असल्याची खात्री करून डॉक्टर मळ मऊ करणारे थेंब देतात. ते सहसा तीन ते पाच दिवस घालायचे असतात. थेंबांनी मळ आणखी फुगून एखाद-दोन दिवस दडा वाढल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नये. मग पिचकारीने, चिमट्याने किंवा शोषक नळीने मळ काढतात. अवघड असेल तर सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात जावे.

पिचकारीचे पाणी शरीराइतके कोमट, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस का असावे लागते? पाणी थंड किंवा गरम असेल तर रोग्याला भोवळ येते, हे व्हिएन्नातील डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या ध्यानात आले होते. तापमानातील फरकामुळे अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव हलतो आणि शरीर फिरत असल्याचा चुकीचा संदेश मेंदूला जातो. तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेवरील संशोधनासाठी बारानींना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कान धुण्याच्या साध्या कामातून एवढे मोठे ज्ञान हाती आले!

कान दुखत असेल, त्यातून पू किंवा रक्त येत असेल, पूर्वी पडदा फाटलेला असेल, तर घरी कोणतेही थेंब घालू नयेत. तसेच एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर “मळच असेल” म्हणून आठवडाभर थांबू नये. क्वचित तो मज्जातंतूचा आजार असतो, आणि त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात.

वर्गासाठी एवढेच

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शिकेनुसार साधारण दहांतील एका मुलाच्या कानात गरजेपेक्षा जास्त किंवा अडकलेला मळ असतो. त्या सर्वांना कमी ऐकू येते असे नाही. तरीही पन्नासांच्या वर्गात चार-पाच कान तपासण्याजोगे असू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या मागे उभे राहून, हलक्या आवाजात, एकेकाला दोन अंकी संख्या उच्चारायला सांगावी. मागे अशासाठी की त्यांना ओठ दिसू नयेत. जो पुन्हा पुन्हा चुकेल त्याच्या पालकांना कान दाखवून घेण्याविषयी सांगावे. उपचार होईपर्यंत त्याला पुढच्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे, आणि रस्ता ओलांडताना सोबत द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याअंतर्गत आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि श्रवणदोषही तपासते. अशा मुलांची नावे त्या पथकासाठी आधीच लिहून ठेवावीत. पण ते पथक येईपर्यंत सहा महिने जाणार असतील, तर तोवर थांबू नये. तेवढ्या काळात अर्धे वर्ष शिकवून होते, आणि मूल ते ऐकतच नाही.